पिकअपवर पॉप-अप कॅम्पर : आधी वजनकाटा, मग शोरूम

कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसणारं फिरतं घर. ते पहिल्यांदा बघायला गेलेला माणूस आत शिरला की आधी गादीवर आडवा होतो. मग फ्रीज उघडतो, नळ फिरवतो, दिवे लावून-विझवून बघतो. मीही तेच केलं. हे सगळं ज्या पिकअपच्या हौद्यात बसणार होतं, तिच्या दारावरचं लेबल मात्र मी सौदा झाल्यावर वाचलं. पुढे भरलेली गाडी काट्यावर चढवली तर मर्यादेपेक्षा १४० किलो जास्त भरली. पाण्याची टाकी तेव्हा अर्धीच होती. म्हणून हा लेख त्या दिवसाच्या उलट क्रमाने लिहिला आहे. आधी गाडी, मग कॅम्पर, मग सामान. गादीवर लोळणं सगळ्यात शेवटी.

पॉप-अप म्हणजे टप वर उचलला जाणारा कॅम्पर. मुक्कामाला टप उचलला की मधल्या जागेत कापडी भिंत ताणली जाते आणि आत ताठ उभं राहता येतं. प्रवासात टप खाली बसतो आणि कॅम्पर केबिनपेक्षा थोडाच वर दिसतो. त्यामुळे वारा कमी अडतो, झाडाच्या फांद्या कमी घासतात आणि वळणावर गाडी कमी झुलते. वजनही कमी. या सुखाची किंमत कापडाने वसूल होते. रात्री वारा सुटला की भिंत फडफडते, बाहेरचा आवाज आत येतो, थंडी लवकर शिरते. शिवाय पाऊस असो वा ऊन, रोज टप उचलायचा आणि रोज उतरवायचा. महिनोन्महिने बर्फात राहायचं असेल किंवा आत मोठी न्हाणी हवीच असेल, तर पॉप-अपच्या नादी लागू नका. दर दोन दिवसांनी पुढे सरकणाऱ्या आणि कच्च्या रस्त्याला न घाबरणाऱ्या माणसासाठी ही चीज आहे.

पायरी १ : दारावरचं लेबल वाचा

चालकाच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर एक-दोन लेबलं चिकटवलेली असतात. गाडीचं कमाल एकूण वजन तिथे सापडतं. काही देशांत त्याला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात, काहींत जीव्हीएम. पुढच्या आणि मागच्या एक्सलची वेगळी मर्यादा तिथे किंवा पुस्तिकेत असते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला पेलोड, म्हणजे गाडीवर लादता येणारं वजन, बहुधा त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या गाडीचा असतो. तुमची गाडी चार दारांची असेल, तिला लोखंडी बंपर, टोइंगचा हूक, हौद्यात प्लॅस्टिकचं अस्तर असं काही असेल, तर तो आकडा तुमचा नव्हे.

यात आणखी एक मेख आहे. उत्तर अमेरिकेत दारावरच्या लेबलात लिहिलेल्या भारात चालकही धरायचा असतो. युरोपीय कागदपत्रांत मात्र चालू स्थितीतल्या गाडीच्या वजनात ७५ किलोंचा चालक आधीच मोजलेला असतो. दोन जागांची माहिती वाचून हिशेब करणारे इथे हमखास चुकतात.

म्हणून रिकाम्या गाडीची इंधनाची टाकी काठोकाठ भरा आणि तिला वजनकाट्यावर न्या. तीन नोंदी घ्या : फक्त पुढची चाकं काट्यावर, अख्खी गाडी काट्यावर, फक्त मागची चाकं काट्यावर. कमाल वजनातून अख्ख्या गाडीचं वजन वजा केलं की जे उरतं तेवढंच तुमच्या हातात आहे.

समजा ८०० किलो उरले. आता बेरीज करा. दोन माणसं, १५०. कॅम्परच्या पत्रकावरचं कोरडं वजन (पाणी, गॅस, सामान नसतानाचं), ४५०. पत्रकात न धरलेले चार जॅक, बॅटरी, फ्रीज, सोलर पॅनल, बाहेर ताणायचं छत मिळून १००. पाणी ६० लिटर, म्हणजे ६० किलो. ९ किलो गॅसचा भरलेला लोखंडी सिलिंडर, १८. अंथरूण, कपडे, भांडी, हत्यारं, खुर्च्या, खाण्याचं सामान असं १२० किलो न कळत भरतं. झाले ८९८. विक्रेता म्हणाला होता, "तुमच्या गाडीला हा ४५० किलोंचा कॅम्पर म्हणजे काहीच नाही." तो खोटं बोलत नव्हता. तो फक्त पहिल्याच आकड्यावर थांबला होता.

माझा ढोबळ नियम असा : पत्रकावरचं कोरडं वजन काट्यावर सापडलेल्या पेलोडच्या निम्म्याच्या आत हवं. मग बाकीचं आयुष्य उरलेल्या निम्म्यात मावतं, आणि थोडी सूटही राहते.

मागच्या पाट्यांना (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांना) मदत म्हणून हवेच्या पिशव्या किंवा जादा पाटा बसवता येतो. गाडीची शेपूट वर येते, हेडलाइट पुन्हा रस्त्यावर पडतात, हे खरं. पण लेबलावरची मर्यादा त्याने एका किलोने वाढत नाही. काही देशांत अधिकृत चाचणी केलेला सस्पेन्शनचा संच बसवून ती मर्यादा कागदोपत्री वाढवता येते. त्याची चौकशी कॅम्पर घेण्याआधी करा. जादा भार, हवेच्या पिशव्या आणि खड्ड्यांचा रस्ता एकत्र आले की चासीच वाकलेल्या गाड्या असतात. पाट्यांवर भार पुढे-मागे दोन ठिकाणी विभागला जातो, पिशवी तो चासीच्या एकाच जागी आणून ठेवते.

टायरही याच बैठकीत बघा. टायरच्या बाजूला मापानंतर भाराचा निर्देशांक असतो. ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो, १२१ म्हणजे १,४५० किलो, आणि तेही पुरेशी हवा असेल तरच. मागच्या एक्सलच्या वजनाला दोनने भागा आणि ताडून बघा.

पायरी २ : हौद्याची मापं आणि भाराचा मध्य

हौद्याची लांबी आतून मोजा, फाळका बंद असताना आणि उघडा असताना वेगवेगळी. चाकांच्या उंचवट्यांमधलं अंतर मोजा. हौद्याच्या तळापासून काठापर्यंतची आणि काठापासून केबिनच्या टपापर्यंतची उंची मोजा. कॅम्परचा झोपायचा माळा केबिनच्या टपावर पुढे झुकलेला असतो. त्याच्या आणि टपाच्या मध्ये सुखाने मूठ शिरेल एवढी फट हवी. खराब रस्त्यावर हौदा आणि केबिन वेगवेगळे हलतात. सपाट अंगणात दिसणारी फट तिथे टिकत नाही. माळा खाली पडत असेल तर कॅम्परखाली प्लायवूड किंवा कडक फोमची बैठक घालून तो उचलतात.

आता भाराचा मध्य. चांगल्या कॅम्परच्या कुशीवर त्याचा गुरुत्वमध्य दाखवणारी खूण असते किंवा पत्रकात तो हौद्याच्या पुढच्या टोकापासून किती अंतरावर आहे ते दिलेलं असतं. ही खूण मागच्या एक्सलच्या थोडी पुढे पडायला हवी. अगदी वर पडली तर सगळा भार मागच्या चाकांवर. मागे गेली तर प्रकरण बिघडतं. एक हिशेब बघा : दोन एक्सलमधलं अंतर ३.२ मीटर आहे आणि मागच्या एक्सलच्या मागे १.२ मीटरवर तुम्ही १०० किलोंची पेटी टांगली. मागच्या एक्सलवर १०० नाही, १३७.५ किलो येतात. जास्तीचे ३७.५ किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेलेले असतात. स्टिअरिंग हलकं लागतं आणि ओल्या वळणावर पुढचं चाक सरळ जायला बघतं. आखूड हौद्याच्या चार दारी गाडीत लांब कॅम्पर बसवणाऱ्यांची हीच गोम आहे. मागच्या दाराला जादा चाक, पाण्याचे कॅन आणि सायकली लटकवायचा मोहही इथेच आवरायचा.

पायरी ३ : कोणता प्रकार, आणि किती तयार

ढोबळमानाने तीन प्रकार. हौद्यात सरकवायचा स्लाइड-इन; तो जॅकवर उभा करून गाडी मोकळी करता येते. हौदा काढून सपाट फळीवर बसवायचा फ्लॅटबेड. त्यात जागा जास्त आणि बाजूला दार, पण गाडी कायमची त्याचीच होते. तिसरा वेज, हौद्यावर झाकणासारखा बसणारा, एका बाजूने पाचरीसारखा उघडणारा. सगळ्यात हलका हाच. त्यात बाकीचं घर मात्र तुम्ही हौद्यात मांडायचं.

कापडी भिंतीची रिकामी शेल, म्हणजे आत काही न बसवलेला नुसता सांगाडा, साधारण ३०० ते ४५० किलोंची असते. शेगडी, फ्रीज, टाकी, हीटर असं सगळं असलेला पॉप-अप ५०० ते ७०० पर्यंत जातो. कडक भिंतींचे स्लाइड-इन ९०० च्या पुढे सहज दिसतात. नवख्याला माझा सल्ला रिकाम्या किंवा अर्ध्या तयार शेलचा आहे. आपल्याला किती वीज, किती पाणी, कुठे ओटा हवा हे पाच-सहा मुक्काम झाल्याशिवाय कळत नाही. कंपनीने बसवलेली कपाटं काढणं हे नवी बसवण्यापेक्षा जास्त चिडचिडीचं काम आहे.

जुना घेत असाल तर दोन तास राखून जा, आणि शक्य असल्यास पावसानंतरच्या दिवशी. आत शिरताच नाकाने काम सुरू करा. कुबट वास आला की पाणी कुठूनतरी शिरलेलं आहे. माळ्याची गादी उचलून खालच्या फळीचे चारही कोपरे अंगठ्याने दाबा. दाराच्या उंबऱ्यापाशी टाचेने दाबा. लाकूड दबलं तर आतली चौकट कुजलेली समजा. अॅल्युमिनियमची चौकट कुजत नाही. तिच्या वेल्डिंगच्या जोडांवर, विशेषतः माळा जिथे धडाला मिळतो तिथे, केसासारखी चीर शोधा. टप उचला आणि दार-खिडक्या लावून आतून बघा. कापडाच्या घड्या जिथे रोज मोडतात तिथे सुईच्या टोकाएवढी प्रकाशाची छिद्रं दिसतील. दोन-चार छिद्रांना ठिगळ चालतं. रांग दिसली तर अख्खं कापड बदलायचा खर्च धरून भाव करा. टप स्वतःच्या हातांनी उचला आणि उतरवा. सोबतच्या माणसालाही उचलू द्या, कारण एखाद्या संध्याकाळी तुम्ही पाय मुरगळून बसलेले असाल.

टप किती भार पेलतो हेही विचारा. उचलायची यंत्रणा हाताची असो, गॅसच्या दांड्यांची असो की मोटरची, तिला मर्यादा असते. १०० वॅटचं काचेचं एक पॅनल ६ ते ८ किलोंचं, त्यावर सामानाची जाळी, जाळीवर पेटी असं करत गेलात तर सकाळी टप हलणार नाही. बर्फ किंवा साचलेलं पाणी आधी झाडून मगच उचलायचा.

पायरी ४ : हौद्यात बसवणं

हे काम पहिल्यांदा दोघांनी करा आणि घाई करू नका. हौद्यात जाड रबरी चटई अंथरा. तिच्यामुळे कॅम्पर सरकत नाही. फाळका शक्य असेल तर काढून घरी ठेवा, तेवढंच वजन वाचतं. चारही जॅक थोडे थोडे आळीपाळीने वर घ्या, नाक शेपटीपेक्षा किंचित वर ठेवा, आणि गाडी अगदी सावकाश मागे आणा. एकाने मागे उभं राहून हात दाखवायचे, पण कॅम्परच्या खाली किंवा गाडी-कॅम्परच्या मध्ये कधीच नाही. जोरात वारा असेल त्या दिवशी हे काम करायचंच नाही.

कॅम्पर पुढे टेकला की चार कोपऱ्यांना टर्नबकल (फिरवून ताण द्यायचे दुवे) लावायचे. ते कशात अडकवता याला महत्त्व आहे. हौद्याच्या पत्र्याला छिद्र पाडून नुसता डोळ्याचा बोल्ट लावला तर पत्रा फाटतो. खालून तळहाताएवढी लोखंडी पट्टी द्या, किंवा थेट चासीला जोडणाऱ्या पट्ट्या घ्या. अॅल्युमिनियमचा हौदा असेल तर चासीचाच मार्ग धरा. हातानं घट्ट होईपर्यंत आवळा, मग थोडासा पाना, मग लॉकनट. पान्याला पाइप लावून जोर केलात तर कॅम्परचा पाया वाकेल. पहिल्या ३० किलोमीटरवर थांबून चारही तपासा. दोन तरी ढिले निघतात. नंतर रोज सकाळी एकदा.

जॅक काढून घरी ठेवता येत असतील तर ठेवा. चार जॅकचे ४०-५० किलो उगाच कशाला फिरवायचे?

पायरी ५ : वीज

लोक इथे सगळ्यात जास्त पैसे घालवतात, आणि बरेचदा चुकीच्या टोकाला. आधी कागदावर दिवसाचा खर्च लिहा. १२ व्होल्टचा ४०-५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला ३५ अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर वाहिला की एक) घेतो असं धरा. कडक उन्हात जास्त. छताचा पंखा १०, हीटरचा पंखा थंडीत १०, फोन आणि लॅपटॉप ११, दिवे ३, पाण्याचा पंप १. एकूण ७०.

१०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हे एका दिवसासाठी पुरवून थोडं उरवते. तिचं वजन ११ ते १३ किलो. तेवढ्याच क्षमतेची शिशाची बॅटरी ३० किलोंच्या आसपास, आणि तिला जगवायचं असेल तर निम्मीच वापरायची. वजन जिथे जीव की प्राण आहे तिथे शिशाचा विचारही नको. लिथियमचं एक पथ्य मात्र आहे : शून्य अंशाच्या खाली ती चार्ज करायची नसते. आतलं रक्षक सर्किट अशा वेळी चार्जिंग तोडतं की नाही ते विचारून घ्या, आणि बॅटरी बाहेरच्या पेटीत न ठेवता आत, पलंगाखाली ठेवा.

भरायची कशी? टपावर २०० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हाच्या दिवशी साधारण ६० अँपिअर-तास देतं. ढगाळ दिवशी त्याचा चतुर्थांशही मिळेल याची खात्री नाही. म्हणून दुसरा स्रोत गाडीचाच हवा. नव्या गाड्यांचे आल्टरनेटर (इंजिनावर वीज बनवणारं यंत्र) इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज खाली आणतात, त्यामुळे नुसती रिले (विजेने चालणारा स्विच) लावून कॅम्परची बॅटरी कधी पूर्ण भरत नाही. मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे गाडीच्या विजेचं व्होल्टेज वाढवून दुसरी बॅटरी भरणारा, लागतो. ३० अँपिअरचा चार्जर दोन तासांच्या प्रवासात दिवसभराचा बहुतेक खर्च भरून काढतो. मला सोलर आणि यातलं एकच निवडायचं झालं तर मी हाच निवडेन.

आता वायर. इंजिनापासून कॅम्परपर्यंत ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर तांबं. १० चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ३० अँपिअरला जवळपास ०.६६ व्होल्ट वाटेतच गळतात. १६ चौरस मिलिमीटर घेतली तर ०.४१. मी पहिल्यांदा हाताशी होती म्हणून ६ ची घातली होती. चार्जर दर पाच मिनिटांनी बंद पडायचा आणि मी चार्जरलाच शिव्या द्यायचो. वायरला हात लावला तेव्हा ती कोमट लागली.

दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज हवा. एकाच बाजूला लावलात तर दुसऱ्या बाजूची बॅटरी घासलेल्या वायरीतून आग लावायला मोकळी राहते. फ्यूज वायरला वाचवायला असतो, फ्रीजला नाही. त्याचा आकडा वायरच्या क्षमतेवरून ठरवा. गाडी आणि कॅम्परच्या मधल्या जोडाला अँडरसन प्लग लावा, म्हणजे कॅम्पर उतरवताना हत्यार लागत नाही. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (छिद्राच्या कडेला बसणारं कडं), आणि प्रत्येक हातभर अंतरावर क्लिप.

इन्व्हर्टर लॅपटॉपपुरता छोटा ठेवा. १,५०० वॅटची इंडक्शन शेगडी चालवायची तर १२ व्होल्टच्या बाजूला १३० अँपिअर लागतात. मग दुसरी बॅटरी, मनगटाएवढ्या वायरी, आणि पुन्हा वजनकाटा.

पायरी ६ : गॅस, ऊब आणि ओल

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरची पेटी आतल्या जागेपासून पूर्ण बंद हवी आणि तिच्या तळाला थेट बाहेर उघडणारं छिद्र हवं. काही लोक मुंग्या येतात म्हणून ते छिद्र बुजवतात. बुजवू नका, जाळी लावा. गॅसचा अलार्म जमिनीजवळ, कार्बन मोनॉक्साइडचा झोपलेल्या डोक्याच्या उंचीच्या आसपास. दोन वेगळे धोके, दोन वेगळ्या जागा. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. काडी पेटवून तपासणाऱ्या शहाण्यांपासून लांब राहा. गॅसचं फिटिंग परवानाधारक फिटरकडून करून घ्या. या लेखातलं बाकी सगळं घरी करण्यासारखं आहे, हे नाही.

थंड जागी जात असाल तर सिलिंडरमध्ये काय आहे ते विचारा. ब्युटेन शून्याच्या जरा खाली वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतं. शेगडीची ज्योत सकाळी मलूल दिसली की बहुतेकदा हेच कारण असतं.

ऊब हवी म्हणून शेगडी पेटवून ठेवणं हा जिवाशी खेळ आहे, आणि त्याने आत पाऊसही पडतो. एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात हवेत मिसळतं. त्यात दोन झोपलेल्या माणसांच्या श्वासाची ओल मिळवा. सगळी थंड कापडाला आणि टपाच्या पत्र्याला चिकटते आणि पहाटे नाकावर टपकते. हीटर असा हवा की जो जळणासाठी बाहेरून हवा घेतो आणि धूर बाहेर सोडतो. गॅसवरचा असो की डिझेलवरचा. दोन किलोवॅटचा डिझेल हीटर तासाला ०.१ ते ०.२५ लिटरच्या आसपास पितो. एवढ्याशा जागेला दोन किलोवॅट भरपूर. मोठा घेतला तर तो सतत मंद चालतो आणि काजळी धरतो. पेटताना तो काही मिनिटं ८ ते १० अँपिअर ओढतो, तेव्हा बॅटरी रिकामी ठेवून झोपू नका.

ओलीवर दुसरा उपाय फुकटचा आहे : छताची खिडकी दोन बोटं उघडी आणि खालची एक फट उघडी. थंडीत हे कोणालाच पटत नाही. एक रात्र सगळं बंद करून झोपा, सकाळी गादी उलटून बघा. गादीखाली फळी थेट असेल तर ओल तिथेच साचते. मध्ये हवा खेळेल अशी जाळीची चटई टाका. कापडाला आतून लावायचे उबदार पडदे मिळतात, घरी शिवताही येतात, आणि माझ्या मते त्यांच्याएवढा उपयोग इतर कुठल्याच जोडणीचा होत नाही.

पायरी ७ : पाणी आणि बाकीचं

पाण्यावर फार लिहिण्यासारखं नाही. दोन माणसांना प्यायला, रांधायला आणि भांडी विसळायला दिवसाला १० लिटर काटकसरीने पुरतात. वीस-वीस लिटरचे दोन कॅन आणि एक छोटा पंप एवढ्यावर मी बरीच वर्षं काढली. कॅन उचलून नळाखाली नेता येतो, धुता येतो, थंडीत रिकामा करता येतो. बसवलेल्या टाकीचं यातलं काहीच होत नाही. गरम पाण्याचा नळ ही चैन. ती नंतर बघा. शौचालयासाठी कॅसेटचा, म्हणजे काढून रिकामा करता येणारा, छोटा डबा पुरतो. तो प्रवासात जागचा हलणार नाही असा पट्ट्याने बांधा, याची आठवण मला दुसऱ्यांदा होणार नाही.

सामान रचताना जड वस्तू खाली आणि पुढे, केबिनच्या बाजूला. हत्यारं, डबे, बॅटरी तिथे. कपडे आणि उशा मागे व वर. कप्प्यांना चुंबकाचे खटके लावू नका. पहिल्या खड्ड्यात उघडतात. दाबून उघडायचे खटके लावा. आग विझवायचा सिलिंडर दारापाशी, झोपलेल्या जागेवरून हात पोचेल असा.

सगळं भरून झालं की पुन्हा वजनकाटा. या वेळी भरलेल्या टाक्या, सगळी माणसं, कुत्रा असेल तर कुत्राही. तीच तीन वजनं. मागचा एक्सल मर्यादेवर असेल आणि पुढच्याला सूट असेल तर सामान पुढे सरकवून बघा. तरीही जास्त भरत असेल तर काहीतरी घरी राहणार. मी तेव्हा बाहेरचं मोठं छत, दोन जॅक-स्टँड, दुसरा सिलिंडर आणि कास्ट आयर्नची कढई काढली. कढईसाठी घरात बरेच दिवस अबोला होता.

पहिली रात्र

पहिला मुक्काम घराजवळ करा, जिथून कंटाळा आला तर रात्री दोन वाजता परत येता येईल. एक वही जवळ ठेवा. अंधारात कुठे हात गेला आणि खटका सापडला नाही, कोणती वस्तू तीनदा हलवावी लागली, कशाचा खडखडाट झाला, ते लिहा. जोडण्यांची पुढची यादी त्या वहीतून येऊ द्या.

सकाळी टप उतरवताना छताची खिडकी किंवा दार उघडं ठेवा, नाहीतर आत कोंडलेली हवा कापडाला बाहेर फुगवते आणि ते कडेत चिमटतं. कापडाभोवतीची लवचिक दोरी ते आत ओढते आहे ना, बघा. अर्ध्यावर थांबा, बाहेरून एक फेरी मारा, कोपऱ्यात लोंबणारं कापड हाताने आत ढकला, मग पूर्ण खाली घ्या. कापड ओलं असताना मिटावं लागलं तर हरकत नाही, पण त्याच दिवशी कुठेतरी तासभर उघडून वाळवा; दोन दिवस तसंच राहिलं तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. शेवटी बाहेरच्या कड्या लावा आणि मोठ्याने मोजा. सहा असतील तर सहा. मी एकदा पाचवर थांबलो होतो, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून सहावी दाखवली.